जॅकेट घ्यायचं की विंग?

'विंग' म्हटलं की आपल्या हॉस्टेलवाल्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. लांबच लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला बंद पडलेला गीझर आणि रात्री बारा वाजता कुणाच्या तरी वाढदिवसाच्या लाथा. पण पाण्याखाली जाणाऱ्या लोकांचीही एक विंग असते. ती पाठीवर असते, तिच्यात हवा भरतात आणि तिच्यावरून ते लोक आपल्या 'ए विंग विरुद्ध बी विंग' मॅचपेक्षा जास्त भांडतात.

आता ते भांडण आपल्या दाराशी आलंय. ॲडव्हेंचर क्लबच्या मागच्या मीटिंगमध्ये ठरलं की शिल्लक पैसे आणि सभासदांची काँट्री मिळून स्कूबा डायव्हिंगचे तीन संच घ्यायचे. रेग्युलेटरबद्दल कुणाचं दुमत नाही. मास्क आणि फिन्स ज्याचे त्याने आणायचे. गाडी अडली ती बीसीडीवर. बहुमत जॅकेटच्या बाजूने आहे, मी विरोधात. मीटिंगमध्ये मला बोलायला पाच मिनिटं मिळाली, त्यातली तीन चहा आल्यामुळे गेली. म्हणून हे लेखी निवेदन. सरांनी आणि सभासदांनी शेवटपर्यंत वाचावं, मग खुशाल माझ्या विरुद्ध हात वर करावा.

ज्यांच्या डोक्यावरून हे सगळं जातंय त्यांच्यासाठी थोडक्यात. बीसीडी म्हणजे बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस. एक हवेची पिशवी, ती अंगाला बांधायचे पट्टे आणि पाठीला सिलिंडर अडकवायची सोय. डाव्या खांद्यावरून एक नळी पुढे येते, तिच्या टोकाला दोन बटणं. एक दाबलं की सिलिंडरमधली हवा पिशवीत जाते, दुसरं दाबलं की बाहेर निघते. बस्स. यात न समजण्यासारखं काही नाही, आर्किमिडीज आपण नववीतच उरकलाय.

मालवणला जाऊन 'स्कूबा' करून आलेले आपल्यात बरेच आहेत. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, पण तिथे पहिल्याच वेळी पाण्यात उतरणाऱ्याची बीसीडी बहुतेक वेळा त्याच्या मागचा गाईडच सांभाळत असतो. आपण फक्त श्वास घ्यायचा आणि फोटोसाठी अंगठा की बोटांचं गोल चिन्ह ते लक्षात ठेवायचं. (अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'!) मी गेल्या वर्षी अंदमानला रीतसर कोर्स केला, तिथे ती बटणं पहिल्यांदा स्वतःच्या हातात आली. त्या चार दिवसांत आणि नंतरच्या डाइव्हजमध्ये जे पाहिलं त्यावरून आणि साध्या आकडेमोडीवरून माझं मत बनलंय.

आधी हिशोब, मग खरेदी

मुळात ही पिशवी लागतेच कशाला? कारणं दोन.

पहिलं, हवेला वजन असतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिळतो तो ॲल्युमिनियमचा 'एटी' सिलिंडर. आतली जागा ११ लिटर, दाब सुमारे २०० बार. एवढ्या हवेचं वजन साधारण अडीच किलो भरतं. म्हणजे भरलेला सिलिंडर समुद्रात पाऊण किलो खाली ओढतो आणि तोच रिकामा होत आला की पावणेदोन-दोन किलो वर ओढायला लागतो. (मॉडेलप्रमाणे थोडाफार फरक.) डाइव्हच्या शेवटी आपण वर उचलले जाऊ नये म्हणून कमरेला शिसं बांधतो. साहजिकच सुरुवातीला आपण तेवढे जड असतो आणि तो जडपणा भरून काढायला पिशवीत हवा घालतो.

दुसरं, वेटसूट. त्याच्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात. बॉईलचा नियम त्यांनाही लागू. १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. सूट चेपतो आणि त्याचं प्लावक बल कमी होतं. आपल्याकडच्या कोमट पाण्यात ३ मिलिमीटरचा सूट पुरतो. त्याने वरती दोन किलो उचललं असं धरलं, तर खाली गेल्यावर जास्तीत जास्त तेवढंच जाईल.

आता बेरीज करा. हवा अडीच, सूट दोन. एकूण साडेचार किलो. वजन बरोबर बांधलेल्या माणसाला पाण्याखाली पिशवीकडून यापेक्षा जास्त काही नको असतं. पृष्ठभागावर डोकं पाण्याबाहेर काढायचं तर डोक्याचं वजन चार-पाच किलो, अधिक भरलेल्या हवेचे अडीच. साडेसात झाले. फॅक्टर ऑफ सेफ्टी लावायची सवय आहेच, तर तेरा-चौदा किलो उचलणारी छोटी विंग आरामात पुरते. जॅकेटं मात्र मापाप्रमाणे पंधरा-वीस किलो उचलणारी असतात आणि 'जास्त उचलतं म्हणजे जास्त सुरक्षित' असं मीटिंगमध्ये किमान तिघं म्हणाले.

नाही हो. इथेच खरी गोम आहे.

पिशवी मोठी असली की चूक खपते. चार किलो शिसं जास्त बांधलं तरी चालतं, कारण चार लिटर हवा जास्त भरली की झालं! ती चार लिटर हवा १० मीटरवरून ५ मीटरवर येताना काय करेल? दाब २ वरून दीडवर आला, हवा ४ लिटरची ५.३ लिटर झाली. म्हणजे सव्वा किलोपेक्षा जास्त बल अचानक वरच्या दिशेने. त्याने माणूस आणखी वर, हवा आणखी फुगली, बल आणखी वाढलं. कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांना विचारा, याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात. काठीवर उभा केलेला पेन्सिलचा तोल आणि हा तोल एकाच जातीचा. आता तीच जादा हवा चारऐवजी एक लिटर असती तर फरक फक्त एक तृतीयांश किलोचा, एक श्वास सोडला की आटोक्यात.

आणि हे सगळं वरच्या दहा मीटरमध्ये सर्वांत तीव्र असतं. २० वरून ३० मीटरवर जाताना दाब ३ वरून ४ होतो, पण शून्यावरून १० वर जाताना थेट दुप्पट. मालवणच्या उथळ पाण्याला 'सोपं' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. फुफ्फुसातल्या हवेलाही बॉईलने सूट दिलेली नाही. श्वास रोखून असं फुग्यासारखं वर आलं की फुफ्फुस फाटू शकतं आणि त्याला तीन-चार मीटर खोलीही पुरते.

म्हणून माझा पहिला मुद्दा जॅकेट-विंगचा नाहीच. वजनाचा आहे. आधी प्रत्येकाचं शिसं मोजा, मग पिशवी केवढी हवी ते आपोआप कळेल.

थोडा इतिहास

१९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी ॲक्वालंग बनवला तेव्हा बीसीडी नव्हतीच. ती माणसं शिसं नेमकं बांधून आणि श्वासावर तोल सांभाळून उतरायची. १९६१ मध्ये फ्रान्सच्या मॉरिस फेन्झी यांनी गळ्यात घालायची फुगवता येणारी पिशवी आणली. घोड्याच्या गळपट्ट्यासारखी दिसायची. १९७० च्या दशकात अंगरख्यासारखं जॅकेट आलं, ज्यात पिशवी पाठीकडून काखेखालून पोटापर्यंत येते. आज शिकवणीच्या वेळी आपल्या अंगावर चढवतात ते याचंच वंशज.

त्याच सुमारास अमेरिकेत फ्लोरिडाच्या उत्तर भागात लोक पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये जात होते. गुहेच्या तळाशी बारीक गाळ. पाय खाली लोंबले की गाळ उडालाच, आणि मग बाहेरची वाट दिसत नाही. तिथे आडवं, सपाट तरंगणं ही जिवंत परत येण्याची अट होती. त्या मंडळींनी १९७९ च्या आसपास धातूची एक पाठपट्टी, तिच्यातून ओवलेला सलग पट्टा आणि पाठपट्टी व सिलिंडर यांच्या मध्ये हवेची विंग अशी रचना पक्की केली. ग्रेग फ्लॅनगन यांचं नाव पहिल्या पाठपट्टीशी जोडलं जातं, तर विल्यम होगार्थ मेन यांच्यावरून त्या पट्ट्याच्या पद्धतीला 'होगार्थियन' म्हणतात.

आपल्याला गुहेत जायचं नाही, मान्य. पण मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे प्रवाळ आहेत, आणि गाळही आहे. पाय लोंबवून चालणारा डायव्हर तिथेही एका फटक्यात वर्षांची वाढ मोडतो, वर मागून येणाऱ्याला काही दिसू देत नाही.

जॅकेट, विंग आणि मधले

जॅकेटमध्ये हवा कुशीला आणि पोटाकडे असते. पृष्ठभागावर माणूस उभा, डोकं वर, घाबरलेल्या नवशिक्याला फार बरं वाटतं. पाण्याखाली मात्र हवा सर्वांत उंच जागा शोधत इकडून तिकडे फिरते, आणि पूर्ण फुगवलं की छातीला आवळतं. शिसं कमरेला, हवा छातीशी, म्हणजे दोन बलांचं एक जोडपं तयार होतं आणि पाय खाली जातात. मोमेंट काढायला फार हुशारी लागत नाही.

विंगमध्ये हवा पाठीवर सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना. धातूच्या पट्टीचं वजन फुफ्फुसांच्या बरोबर वर. दोन्ही बलं जवळजवळ एका रेषेत, म्हणून अंग आपोआप आडवं राहतं.

मधला पर्याय म्हणजे पाठीमागे फुगणारं जॅकेट. दिसायला जॅकेट, हवा मागे. वाईट नाही. पण शिवलेलं असल्यामुळे माप ठरलेलं आणि फाटलं की सगळंच बाद. चौथा प्रकार साइडमाउंट, सिलिंडर पाठीऐवजी दोन्ही कुशींना. ब्रिटनमधल्या अरुंद, पाण्याने भरलेल्या गुहांमधून तो आला. पाठ दुखणाऱ्यांना सोयीचा, पण त्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं. आपल्या क्लबसाठी तो आत्ता विषय नाही.

आपल्या क्लबसाठी विंगच का?

एक, माप. आपल्याकडे सव्वापाच फुटांची इन्स्ट्रुमेंटेशनची मुलगी आहे आणि सहा फुटांचा सिव्हिलचा भिडू आहे. पुढच्या वर्षी दोघंही नसतील, तिसरेच असतील. कोर्सच्या वेळी माझ्या बरोबरच्या एका मुलीला तिच्या मापाचं जॅकेट मिळालं नव्हतं. पृष्ठभागावर फुगवलं की ते वर सरकून थेट कानांपर्यंत यायचं आणि तिला धड मान वळवता येईना. ती पोहण्यात आम्हा सगळ्यांपेक्षा तरबेज, पण दोन दिवस तिला वाटत राहिलं की डायव्हिंग आपल्याला जमत नाही. तिसऱ्या दिवशी लहान जॅकेट मिळालं आणि प्रश्न संपला. तीन जॅकेटं घेतली तर 'मीडियम, लार्ज, लार्ज' येणार हे मी आत्ताच लिहून देतो, आणि मुली म्हणणार, आम्ही येत नाही. पाठपट्टीचा पट्टा मात्र कुणाच्याही अंगाप्रमाणे सरकवता येतो, आणि दोन पायांमधून जाणाऱ्या पट्ट्यामुळे सगळं वर चढत नाही.

दोन, दुरुस्ती. विंग फाटली तर विंग बदला, पट्टा झिजला तर दोन इंची पट्टा बदला. पाठपट्टीला काहीच होत नाही. बोल्टच्या भोकांमधलं अंतर ११ इंच, हे बहुतेक सगळे उत्पादक पाळतात. एकाची पट्टी, दुसऱ्याची विंग, बिनधास्त बसते. इंटरचेंजेबिलिटीवर आपण दहा मार्कांचं उत्तर लिहितो, ते हेच.

तीन, आणि हा माझा लाडका मुद्दा. पाठपट्टी आपल्या वर्कशॉपमध्ये होऊ शकते! ३ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा, अंदाजे ३८ बाय २८ सेंटिमीटर. वजन अडीच किलो, समुद्रात सव्वादोन. मधोमध उभी पन्हळ, पट्टे ओवायला खाचा, दोन भोकं. ग्रेड ३१६ घ्यायचा, ३०४ ला खाऱ्या पाण्यात खड्डे पडतात. कडा मात्र घासून गुळगुळीत हव्यात, नाहीतर त्याच पट्टा कापतील. फर्स्ट इयरला आपण तासन्‌तास कानस मारून जो चौकोनी तुकडा बनवतो आणि जो आयुष्यात कशालाच उपयोगी पडत नाही, त्यापेक्षा हे काय वाईट? विंग आणि इन्फ्लेटर मात्र विकतचेच घ्यायचे. तिथे जुगाड नको.

विरोधकांचं म्हणणं

ते सगळंच चूक आहे असं नाही.

'विंग पृष्ठभागावर तोंडावर पाडते.' शिसं पुढे आणि हवा गच्च भरली तर हो, ढकलते. हवा कमी भरायची आणि आरामखुर्चीत बसल्यासारखं मागे रेलायचं. पण बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवणं हे कुठल्याच बीसीडीचं काम नाही, जॅकेटचंही नाही. बीसीडीसाठीचं युरोपियन मानक ईएन १८०९ तिला लाइफ जॅकेट मानत नाही, आणि जॅकेटवर तशी सूचना छापलेली असते. वाचत कोणी नाही ही गोष्ट वेगळी.

'सलग पट्टा पाण्यात काढता येत नाही.' हे खरं आहे. आपल्याकडच्या छोट्या बोटींवर चढताना पुष्कळदा सामान पाण्यातच काढून वर द्यावं लागतं. लाटेत सलग पट्ट्यातून हात काढणं म्हणजे ओल्या स्वेटरमधून निघण्यासारखं. म्हणून मी सुचवतो की डाव्या खांद्यावर एक क्लिप लावावी. कर्मठ विंगवाले म्हणतील, क्लिप म्हणजे तुटायची जागा. म्हणू देत. ते आपल्या बोटीवर येणार नाहीत.

'स्टीलमुळे शिसं टाकता येत नाही.' हा सगळ्यात गंभीर आक्षेप. डायव्हिंगच्या अपघातांच्या अहवालांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, की मरण पावलेल्या बहुतेकांचं शिसं त्यांच्या अंगावरच होतं. टाकलं असतं तर काहीजण वर आले असते. त्यामुळे सगळं वजन पट्टीत घालणं मलाही मान्य नाही. एखाद्याला चार-साडेचार किलो लागत असेल तर सव्वादोन पट्टीत आणि उरलेलं कमरेच्या पट्ट्यावर, एका हाताने सुटेल असं. पिशवी खोलात फाटलीच तर आपण वर काढलेल्या हिशोबाने साडेचार किलोने जड. त्यातले दोन टाकले की अडीच उरले, आणि ते फिन्स मारून वर नेता येतात. जॅकेट घेतलं तरी हा हिशोब करावाच लागेल.

'विमानात वजन होतं.' देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो सामान नेऊ देतात, त्यात अडीच किलोचा पत्रा परवडत नाही. अंदमानला जाणाऱ्यांसाठी त्याच मापाची ॲल्युमिनियमची पट्टी पाऊण-एक किलोत होईल. बाकीचं शिसं तिथे मिळतंच. मालवणसाठी रेल्वेने कुडाळला उतरायचं असेल तर स्टील न्या, टीसी वजन करत नाही.

'सगळे जॅकेटवरच शिकतात.' शिकू देत ना! कोर्सला संस्थाच जॅकेट देते, आणि घाबरलेल्या नवशिक्यासाठी ते ठीकच आहे. म्हणूनच क्लबने जॅकेटं विकत घेण्यात अर्थ नाही. आपले संच वापरणार कोण? ज्यांचा कोर्स झालाय ते. बटणं त्याच जागी, त्याच खांद्यावर. स्विमिंग पूलमध्ये दोन संध्याकाळी पुरतील.

मग करायचं काय?

माझी सूचना अशी. या महिन्यात एक पैसाही खर्च करू नका. आधी कोर्स झालेल्या आठ जणांना पूलमध्ये उतरवा, भाड्याचे संच आणा आणि प्रत्येकाला नेमकं किती शिसं लागतं ते तपासा. सिलिंडर जवळजवळ रिकामा, पिशवी पूर्ण रिकामी, श्वास निम्मा, आणि डोळे पाण्याच्या रेषेत. पूल गोड्या पाण्याचा, समुद्रात माणूस आणि सामान मिळून शंभर किलो धरलं तर अडीच किलो वाढवायचे. हे आकडे एका वहीत लिहा. मग तीन विंग, दोन स्टीलच्या आणि एक ॲल्युमिनियमची पट्टी. वर्कशॉप सुपरिंटेंडेंट सरांनी परवानगी दिली तर पट्ट्यांचं ड्रॉइंग मी तयार ठेवलंय, टॉलरन्ससकट.

आणि ते मंजूर झालं नाही, जॅकेटच आली, तर मी रुसून बसणार नाही. मीही तीच घालून उतरेन. पण वजनाची वही तेव्हाही हवी, आणि निदान एक जॅकेट लहान मापाचं हवं. एवढ्या दोन गोष्टींवर मी अजिबात मागे हटणार नाही.

मीटिंग शुक्रवारी, जेवणानंतर, कॉमन रूममध्ये. ज्यांना माझी बेरीज चुकली असं वाटतं त्यांनी स्वतःची घेऊन यावी. चहा यावेळी बोलून झाल्यावर मागवू.